आधी दार तोला

अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडलेले पत्र्याचे बंद ट्रेलर सतत दिसतात. हिरवळ कापायची यंत्रे, मोटारसायकली, शर्यतीच्या गाड्या, सुताराची हत्यारे, बँडवाल्यांची वाद्ये, काहीही त्यात असते. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा भाड्याचा टेम्पो करतो. तिकडे ओढणारी गाडी घरचीच असते. मागचा डबा हवा तेव्हा जोडायचा, नको तेव्हा घराशेजारी उभा करायचा. इंडियाना राज्यातले एल्कहार्ट आणि जॉर्जियाच्या दक्षिणेतला डग्लसच्या आसपासचा भाग ही हे डबे बनवण्याची मोठी ठिकाणे. सहा फूट रुंद व बारा फूट लांब, साडेआठ बाय चोवीस फूट ही त्यांची नेहमी दिसणारी मापे. यातल्या बऱ्याच ट्रेलरांच्या मागे एकच मोठा फाळका असतो. त्याच्या बिजागऱ्या तळाशी असतात. तो खाली पाडला की जमिनीला टेकतो आणि त्याचाच चढ होतो, ज्यावरून यंत्र किंवा गाडी आत ढकलता येते. हे अवजड दार एकट्या माणसाला पाडता-उचलता यावे म्हणून त्याला स्प्रिंगांचा आधार दिलेला असतो. दार जड झाले, अर्धवट राहू लागले किंवा स्प्रिंग तुटली की मालक स्प्रिंगेकडे बघतो आणि विचारतो, आता कोणती बसवू? पण उत्तर स्प्रिंगेत नसते, दारात असते. स्प्रिंग निवडणे आणि ती सांभाळणे ही दोन्ही कामे दार तोलण्यापासून सुरू होतात, आणि ते टाळले की पुढचे सगळे अंदाजपंचे होते.

रचना तशी साधी आहे. दाराच्या चौकटीवर, छताला लागून, एक आडवा दांडा असतो. त्यावर पिळाच्या दोन स्प्रिंगा ओवलेल्या असतात, एक डावीकडची आणि एक उजवीकडची. दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटे ड्रम, त्यांवर गुंडाळलेली पोलादी तार, आणि तारेचे दुसरे टोक दाराच्या वरच्या कोपऱ्याजवळ अडकवलेले. दार खाली जाते तशी तार उलगडते, दांडा फिरतो आणि स्प्रिंगेला पीळ बसतो. दार वर आणताना तो पीळ सुटत जातो आणि माणसाच्या हाताला मदत करतो. आपल्या बाजारपेठेत रोज सकाळी वर जाणारे दुकानाचे शटर याच तत्त्वावर चालते. शंभर किलोंचे लोखंड एका हाताने वर जाते ते आतल्या पाइपातल्या पिळामुळे. फरक एवढाच की शटर जसजसे गुंडाळले जाते तसतसे लटकणारे वजन कमी होते, तर ट्रेलरच्या दाराचे वजन तेवढेच राहते आणि बदलतो तो त्याचा कोन. उभ्या दाराचा सगळा भार बिजागरीवर असतो, हाताला तो जाणवतही नाही. आडव्या दाराचा अर्धा भार टोकाशी धरणाऱ्याच्या हातात येतो. ७० किलोंचे दार असेल तर आडव्या स्थितीत टोकाला ३५ किलो. स्प्रिंग नसलेले २.१ मीटर उंचीचे दार हातातून सुटून पडले तर जमिनीकडे येताना त्याच्या टोकाचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असतो. स्प्रिंगेचे खरे मोल म्हणूनच उचलताना जेवढे कळते त्याहून पाडताना जास्त कळायला हवे.

आता थोडे गणित, कारण या साध्या दिसणाऱ्या दारात एक सुंदर योगायोग दडलेला आहे. दार कलते तसा त्याचा भार वाढतो, पण तो कोनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. सुरुवातीला भराभर, मग आडवे होत आल्यावर मंद. मग साधी स्प्रिंग, जिचा जोर पिळाच्या सरळ प्रमाणात वाढतो, ती या वाकड्या चढाशी कशी जुळणार? गोम तारेच्या तिरकेपणात आहे. तार ज्या कोनातून दाराला ओढते तो कोनही दाराबरोबर बदलत असतो, आणि हिशेब मांडला की दोन्हीकडचे वाकडेपण एकमेकांना काटून टाकते. हाती उरतो एक सरळ नियम: दार कुठल्याही स्थितीत तोलून धरायचे असेल तर तारेतला ताण हा दार आणि वरचा ड्रम यांच्यामधल्या तारेच्या लांबीच्या प्रमाणात हवा. तार दुप्पट उघडी पडली की ताण दुप्पट. आणि स्प्रिंग नेमके हेच तर करते. ताणाच्या प्रमाणात जोर, हे रॉबर्ट हुकने १६७८ साली लिहूनच ठेवले आहे. १९३२ साली जॉर्ज कार्वर्डाइन या मोटारींच्या इंग्रज अभियंत्याने टेबलावरच्या दिव्यासाठी जो स्प्रिंगांचा हात शोधला, जो हवा तिथे नेऊन सोडला की तिथेच थांबतो, त्याच्यामागेही हाच मेळ आहे. तेव्हा योग्य स्प्रिंग असलेले दार फक्त वर किंवा फक्त खाली नव्हे, तर मधल्या कुठल्याही कोनात हातात हलके लागले पाहिजे. तसे लागत नसेल तर स्प्रिंग ‘जुनी झाली’ असे म्हणून भागत नाही. दार आणि स्प्रिंग यांची जोडीच चुकली आहे.

आकडे घालून पाहू. २.१ मीटर उंचीचे ७० किलोंचे दार, तार अगदी वरच्या टोकाला बांधलेली. आडव्या स्थितीत उघड्या तारेची लांबी सुमारे ३ मीटर होते आणि दोन्ही तारांना मिळून जवळपास ५० किलोंचा ताण लागतो, म्हणजे एकेका तारेला २५. ड्रमचा परीघ ३० सेंटिमीटर धरला तर स्प्रिंगेला बंद ते उघडे या प्रवासात दहा फेरे पडतात. म्हणजे हवी कुठली स्प्रिंग? दहा फेऱ्यांना २५ किलो ओढणारी. एवढे उत्तर फक्त तीन मापांतून निघाले: दाराचे वजन, दाराची उंची, ड्रमचा घेर. जुन्या स्प्रिंगेचा यात कुठेही संबंध आला नाही. जुन्या स्प्रिंगेसारखीच नवी आणणे हा सगळ्यात प्रचलित मार्ग आहे, आणि तो एकाच परिस्थितीत बरोबर ठरतो: दार कारखान्यातून निघाले तसेच राहिले असेल तर.

पण दारे तशी राहत नाहीत. पोलादी चौकटीत बसवलेले जाड प्लायवूड, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, अशी या दारांची नेहमीची बांधणी. कडेचा रबरी पट्टा फाटला की पावसाचे पाणी प्लायवूडमध्ये मुरते आणि दार महिन्या-महिन्याने जड होत जाते; कुठल्याही एका दिवशी ते कळत नाही. घसरू नये म्हणून मालक आतून उठावदार नक्षीचा ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकतो. ॲल्युमिनियम हलके हे आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की त्याचे वजन कुणी धरत नाही. ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला आठ किलो भरतो. २ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दाराला तो ३४ किलो झाला. ७० किलोंचे दार १०४ किलोंचे झाले, जवळजवळ दीडपट, आणि स्प्रिंगेला कुणी विचारले नाही. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे दाराच्या टोकाला जोडलेली झडप, जी जमीन आणि दार यांमधली पायरी भरून काढते. तिचे वजन दहाच किलो असेल, पण ते पूर्णच्या पूर्ण टोकाला आहे. दाराच्या अंगभर पसरलेले वीस किलो टोकाला दहा किलो जाणवतात; झडपेचे दहा किलो दहाच्या दहा जाणवतात, किंबहुना ती उघडून बाहेर आलेली असते तेव्हा थोडे जास्तच. वजन वाढले १४ टक्के, हातावरचा भार वाढला जवळपास २९ टक्के. म्हणून दाराचे वजन कागदावरून घेऊ नये आणि वजनापेक्षाही टोकाचा भार मोजावा.

यासाठी दार उतरवून काट्यावर चढवायची गरज नाही. दार बंद असताना तारा सैल करून काढायच्या, दोघांनी धरून दार सावकाश खाली आणायचे आणि त्याचे टोक घरातल्या वजनकाट्यावर टेकवायचे. काटा दाखवेल तो टोकाचा भार. झडप नसलेल्या दाराचे एकूण वजन त्याच्या दुप्पट. दार थोडे उतरते टेकले तरी उत्तर बदलत नाही, कारण भार आणि आधार यांची अंतरे एकाच प्रमाणात कमी होतात. स्प्रिंग जोडलेली असतानाचा उरलेला भार पाहायचा असेल तर आणखी सोपे. विमानाने जाताना बॅग तोलायचा हातातला लटकता काटा अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात कपाटात पडलेला असतोच. तो दाराच्या टोकाच्या कडीत अडकवून दार जमिनीपासून चार बोटे उचलायचे. जो आकडा येईल तो तारीख घालून लिहून ठेवायचा. दर सहा महिन्यांनी एवढेच केले तर स्प्रिंगेची प्रकृती आणि दाराची सूज, दोन्हींचा आलेख आपोआप तयार होतो. आकडा वाढत असेल तर दोनांपैकी एक कारण: स्प्रिंग मंद झाली किंवा दार जड झाले. कुठले ते तारा काढून तोलल्यावर कळते. मालक मात्र नव्वद टक्के दोष आधीच स्प्रिंगेच्या नावे लिहून मोकळा झालेला असतो.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो. एवढे तोलत कशाला बसायचे, लागते त्याहून जोरदार स्प्रिंग घ्यावी, चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल. दोर, खांब, पूल यांबाबत हा विचार बरोबर आहे, कारण त्यांचे काम फक्त सहन करण्याचे असते. स्प्रिंग मात्र सहन करत नाही, ती उलट ढकलते, आणि जास्तीचा जोर कुठे तरी बाहेर पडतोच. गरजेहून जोरदार स्प्रिंगेचे दार जमिनीला टेकत नाही, अधांतरी राहते. ते पायाने दाबून धरावे लागते. त्यावर मोटारसायकल चढवली की ते दबते आणि ती आत गेली की मागे उसळते, वाकलेल्या माणसाच्या हनुवटीच्या उंचीला. शिवाय तो सगळा जादा ताण तारा, ड्रम आणि छताजवळची चौकट यांच्यावर येतो, आणि हलक्या ट्रेलरची चौकट त्यासाठी बांधलेली नसते. मी तर म्हणेन की मोजून थोडी कमजोर स्प्रिंग घ्यावी. टोकाला पाच ते दहा किलो भार मुद्दाम उरू द्यावा. तेवढ्याने दार खाली घट्ट बसते, वाऱ्याने हलत नाही, आणि उचलायला कुणालाही जड जात नाही. जे दार पूर्ण तोललेले असते ते वाऱ्याच्या झोताबरोबर निघून येते, आणि उघड्या मैदानात उभ्या ट्रेलरच्या बाबतीत हा काही काल्पनिक धोका नव्हे.

दुसरी पळवाट अशी की स्प्रिंग तीच ठेवायची आणि तिला आधीच एक-दोन फेरे जास्त पीळ द्यायचा. कमकुवत स्प्रिंगेवरचा हा गल्लीतला उपाय थोडा चालतोही, पण तो चुकीच्या ठिकाणी चालतो. आधीचा पीळ दाराला सगळ्यात जास्त ओढतो ते दार बंद असताना, म्हणजे जिथे मदतीची गरजच नाही. परिणाम असा की कडी काढल्यावरही दार बाहेर यायला मागत नाही, ओढून काढावे लागते. आणि खाली, जिथे खरी मदत हवी, तिथे ते जडच्या जड. उलट लक्षणही असते: दार वरून धडकन सुटते आणि खाली अधांतरी राहते. तेव्हा स्प्रिंग गरजेहून ताठ आहे आणि आधीचा पीळ कमी. ही दोन लक्षणे नीट ओळखता आली तर अर्धे निदान झाले. आधीचा पीळ किती द्यावा हेही मनावर नसते. तार दाराच्या अगदी टोकाला बांधली असेल तर बंद स्थितीत पीळ जवळजवळ शून्य चालतो, तार ड्रमवरून घसरू नये एवढाच. ती टोकापासून ३० सेंटिमीटर खाली बांधली असेल आणि ड्रमचा परीघही तेवढाच असेल, तर बरोबर एक फेरा. त्याहून जास्त द्यावासा वाटला की समजावे, स्प्रिंगच बदलायची आहे.

बदलायची म्हटल्यावर प्रश्न येतो मापांचा, आणि इथे डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही. पिळाच्या स्प्रिंगेचा ताठरपणा ती ज्या तारेची वळलेली असते तिच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. ५ मिलिमीटरऐवजी ५.५ मिलिमीटरची तार म्हणजे बघताना काहीच फरक नाही, पण स्प्रिंग ४६ टक्क्यांनी ताठ. म्हणून जाडी एका वेटोळ्यावर मोजू नये. एकमेकांना चिकटलेली वीस वेटोळी मोजून विसाने भागावे, म्हणजे मोजण्यातली चूकही विसाने भागली जाते. वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांचा परिणाम उलट्या दिशेने होतो: व्यास मोठा किंवा वेटोळी जास्त, तर स्प्रिंग मऊ. यातूनच एक गोष्ट निघते, जी वर्कशॉपमध्येही पुष्कळांना पटत नाही. तुटलेल्या स्प्रिंगेचा तुकडा कापून उरलेली पुन्हा बसवली तर ती कमजोर नाही, ताठ होते, कारण तेवढेच दहा फेरे आता कमी वेटोळ्यांनी वाटून घ्यायचे असतात. प्रत्येक वेटोळ्याच्या वाट्याला जास्त वाकणे येते. वाकणे असेच म्हणायचे. नावात पीळ असला तरी या स्प्रिंगेतली तार खरे तर वाकत असते, आणि दाबाच्या साध्या स्प्रिंगेतली तार पिळली जात असते. कापलेली स्प्रिंग म्हणून काही दिवस छान चालते आणि मग दुसऱ्या ठिकाणी तुटते. डावी आणि उजवी यांची अदलाबदलही चालत नाही. स्प्रिंग नेहमी वेटोळी आवळत जातील अशाच दिशेने पिळायची असते; उलट पिळली तर तार गुंडाळताना तिच्यात राहून गेलेले ताण मदतीला येण्याऐवजी अंगावर येतात. आवळताना ती लांबही होते, फेऱ्याला एक तारेच्या जाडीइतकी. ५ मिलिमीटर तारेला दहा फेरे म्हणजे ५ सेंटिमीटर. तेवढी जागा दांड्यावर मोकळी नसेल तर वेटोळी एकमेकांवर घासून कण्हू लागतात. घेरही कमी होतो, दोनशे वेटोळ्यांच्या स्प्रिंगेचा पाच टक्क्यांच्या आसपास, तेव्हा आतल्या दांड्याला घट्ट बसणारी स्प्रिंग ही चांगली स्प्रिंग नव्हे.

इथे हिशेबी वाचक एक रास्त शंका काढेल. अमेरिकेत घराच्या गॅरेजच्या दाराला ज्या स्प्रिंगा लावतात त्या साधारण दहा हजार वेळा उघडझाप सोसतील अशा धरलेल्या असतात. ट्रेलरची स्प्रिंग तेवढीच टिकाऊ धरली तर आठवड्यातून एकदा दार उघडणाऱ्या घरगुती मालकाला ती दोनशे वर्षे पुरायला हवी. दिवसातून चार वेळा, वर्षाचे अडीचशे दिवस ट्रेलर उघडणाऱ्या बागकामवाल्यालाही दहा वर्षे. मग देखभाल कशाची? शंका बरोबर आहे, पण तो आकडा कोरड्या गॅरेजमधल्या, नीट जुळवलेल्या स्प्रिंगेचा आहे. धातू थकतो हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात प्रशियाच्या रेल्वेवर ऑगस्ट व्होलरने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखवले: एका झटक्यात जो भार सहज पेलतो, तोच भार हजारो वेळा आला की पोलाद तुटते, आणि भार थोडा वाढला की आयुष्य पुष्कळ घटते. दीडपट जड झालेल्या दाराखाली जादा पीळ दिलेली स्प्रिंग आपले दहा हजार कधीच पुरे करत नाही. त्यात गंज. तुटण्याची सुरुवात तारेच्या पृष्ठभागावरच्या बारीक खड्ड्यातून होते आणि गंज हे असे खड्डे पाडण्याचेच काम करतो. उत्तरेकडच्या मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते पाणी चाकांमागून उडून मागच्या दारावरच बसते. खाऱ्या हवेत लोखंडाचे काय होते हे कोकण किनाऱ्यावरच्या दुकानदाराला सांगायला नको. बंद पडून राहिलेल्या ट्रेलरची स्प्रिंग म्हणूनच रोज वापरल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या आधी जाऊ शकते.

देखभाल मग फारशी उरत नाही, पण जी उरते ती नेमकी असावी. वेटोळ्यांमध्ये लालसर भुकटी दिसू लागली की पातळ तेलाचा फवारा मारून जादा तेल पुसून टाकायचे. जाड ग्रीस फासू नये. रस्त्याची धूळ त्यात बसते आणि वेटोळ्यांना कानशीसारखी घासते. ग्रीसची खरी जागा बिजागऱ्यांत आहे. बिजागरी धरून बसली की दार जड वाटते आणि पुन्हा दोष स्प्रिंगेला जातो. हिवाळ्यानंतर गोड्या पाण्याने खालची बाजू धुवायची, कडेचे रबर फाटले असेल तर बदलायचे, कारण प्लायवूडला पाण्यापासून वाचवणे हीच स्प्रिंगेची सगळ्यात मोठी सेवा आहे. आणि तारा पाहायच्या. स्प्रिंगेआधी बहुधा तार जाते, तीही जिथे तिचे टोक दाबून बसवलेले असते तिथे किंवा जिथे ती लहान घेरावर वारंवार वाकते तिथे. हातमोजा घालून तारेवरून बोटे फिरवावीत. एखादाही धागा टोचला तर तार बदलावी, दोन्ही बाजूंची. एकाच बाजूची स्प्रिंग तुटली असेल तर एकच का बदलू नये, असे काटकसरीचा माणूस विचारतो. दुसरीनेही तेवढीच उघडझाप सोसली आहे, हे एक. नवी आणि थकलेली यांचा जोर सारखा नसतो, म्हणून दार एका कोपऱ्याने आधी उचलले जाते, चौकट पिळवटते आणि कडी बसेनाशी होते, हे दुसरे. दुसऱ्या स्प्रिंगेची किंमत दाराच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहे.

हे काम घरी करावे का, यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. उघड्या दाराच्या दोन स्प्रिंगांत साठलेली शक्ती ७० किलोंचे ओझे एक मीटर उचलण्याइतकी असते. ती पान्याच्या दांड्यातून मनगटावर आली तर हाड मोडते. मात्र ट्रेलरच्या दाराची एक गोष्ट सोयीची आहे, जी गॅरेजच्या दारावरून शिकलेल्याला उलटी वाटते. गॅरेजचे दार बंद असताना स्प्रिंग सगळ्यात जास्त पिळलेली असते. ट्रेलरचे दार बंद, म्हणजे उभे असताना ती सगळ्यात सैल असते. तेव्हा दार मिटून, कडी घालून, वर आणखी एक पट्टा आवळूनच स्प्रिंगेला हात लावायचा. तरीही आधीचा पीळ तिच्यात असतोच, तो योग्य मापाच्या दांड्याने धरून एकेक टप्प्याने सोडायचा. दार खाली असताना तार सोडणे म्हणजे साठलेली सगळी शक्ती एकदम मोकळी करणे. ज्याला हा फरक स्वतःला समजावून सांगता येत नाही त्याने मेकॅनिककडे जावे, आणि जाताना काट्यावरचा आकडा सोबत न्यावा, कारण मेकॅनिकही बहुधा जुन्या स्प्रिंगेवरूनच नवी काढून देतो.

राहिला शेवटचा आक्षेप: स्प्रिंगांची ही कटकटच नको, मोटारीच्या डिकीला असतात तशा गॅसच्या नळ्या लावाव्यात. छोट्या, हलक्या दाराला त्या चालतात. मोठ्या दाराला दोन अडचणी येतात. गॅसच्या नळीचा जोर तिच्या सबंध प्रवासात फारसा बदलत नाही, तर या दाराला जितकी तार उघडी तितका वाढता जोर हवा असतो. जुळणी एखाद्या कोनात होते, इतर ठिकाणी बिघडते. दुसरे, आतला नायट्रोजन थंडीत आकसतो. २० अंश सेल्सियसला बरोबर बसवलेली नळी उणे २० अंशांना सुमारे १४ टक्के जोर गमावते, आणि मिशिगनच्या जानेवारीत तेवढी थंडी पडते. पोलादी स्प्रिंगेला त्या थंडीचा जवळजवळ पत्ताही लागत नाही. ज्यांना ट्रेलरमध्ये चाकांवरून काही चढवायचेच नसते, फक्त खोकी उचलून ठेवायची असतात, त्यांनी कपाटासारखी बाजूला उघडणारी दोन दारे असलेला ट्रेलर घ्यावा. त्यांना या लेखातली एकही स्प्रिंग लागत नाही.